युनिव्हर्सिटीच्या लीगल सेलमध्ये नोकरी लागली तर रोज कोर्टात उभं राहायचं का?

नाही हो, पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की बार कौन्सिलच्या नियम 49 मुळे साधारणपणे सनद (वकिलीचा परवाना) बाजूला ठेवावी लागते, त्यामुळे गोव्यात पर्वरीला हायकोर्टात उभा राहतो तो पॅनेलवरचा, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या यादीतला बाहेरचा वकील. तुम्ही त्याला पॅरावाइज रिमार्क्स करून द्यायचे, म्हणजे याचिकेतला एकेक पॅरा घेऊन खरं काय ते फाइलमधून शोधायचं, आणि नेमकं हवं ते नोटिंगचं (फाइलवरच्या शेऱ्यांचं) पान गायब असतं, मग एस्टॅब्लिशमेंट (आस्थापना) सेक्शनमध्ये चकरा मारा, अॅफिडेव्हिटवर रजिस्ट्रारची सही आणा. बाकी एमओयू (सामंजस्य करार) तपासणं, आरटीआयच्या उत्तरांवर सल्ला (तिथं 30 दिवसांची मुदत). गोवा युनिव्हर्सिटीत जाणार असाल तर 1984 चा कायदा, स्टॅच्यूट्स नि ऑर्डिनन्स (युनिव्हर्सिटीचे स्वतःचे नियम) आधी वाचा, बरीच भांडणं तिथंच अडकतात.