‘सगळं चालतं सर’ म्हणजे नेमकं काय चालतं?

तुमची पोस्ट वाचताना दोनदा वर जाऊन नाव बघितलं, मीच कधीतरी लिहून विसरलोय की काय म्हणून. निकॉन डी७००० कॅमेरा, तिच्याबरोबर आलेली १८-१०५ लेन्स, एक ५० एमएम एफ/१.८ डी आणि काकांकडून मिळालेली ८०-२०० एफ/२.८ डी. ग्रिपचं रबर सुटलंय, शटर मधूनच अडकतं. फोर्टातला दुकानदार म्हणतो, जुनी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) एक्स्चेंजमध्ये द्या, नवी झेड (निकॉनचा आरसा नसलेला, म्हणजे मिररलेस कॅमेरा) घ्या, अडाप्टर आमच्याकडून, ऑफर शनिवारपर्यंत. आणि तुमचा प्रश्न असा, की निकॉनमध्येच राहू की सोनी-कॅननकडे जाऊ. काढायचे काय, तर मुलीचे भरतनाट्यमचे कार्यक्रम आणि थंडीत भांडुप-ऐरोलीचे पक्षी.

मिररलेस म्हणजे काय, फुल फ्रेम का, हे सांगत बसत नाही. इतकी वर्षं डी७००० वापरल्यावर ते माहीत असतंच. मी फक्त माझी चूक सांगतो. आणि आधीच सांगून ठेवतो, मी कुठल्या कंपनीचा नाही, दुकानाचा नाही, धंदेवाईक फोटोग्राफरही नाही. पगारातून हौस भागवणारा माणूस आहे. त्यामुळे दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असेल तर तोही ऐका.

मार्च २०२३. पाडव्याच्या आधीचा आठवडा, दुकानात गर्दी. माझ्याकडे तुमच्याचसारखा संच. दुकानाचं नाव घेत नाही, आणि ते तुमचंच दुकान असेल असंही नाही. मी विचारलं, ‘माझ्याकडे जुन्या लेन्स आहेत, नव्यावर चालतील ना?’ तो म्हणाला, ‘अडाप्टर लावा सर, सगळं चालतं.’ नुसतं म्हणाला नाही, दाखवलंही. काउंटरखालून एक १८-५५ काढली, झेड५वर एफटीझेड (जुन्या लेन्स झेडवर बसवणारा निकॉनचा) अडाप्टर चढवला, लेन्स फिरवून बसवली आणि कॅमेरा समोरच्या माणसाच्या तोंडावर धरला. डोळ्यावर चौकोन, बीप, हिरवा. मी खूश. माझ्या लेन्स त्या वेळी घरी कपाटात होत्या. डी७००० गळ्यात होती, ती तिथेच काढून दिली, चार्जर आणि दोन बॅटऱ्यांसकट. एक्स्चेंजचे ७,५०० रुपये बिलातून वजा झाले आणि मी नवा खोका घेऊन चर्चगेटकडे चालत निघालो.

त्याने दाखवलेल्या लेन्समध्ये स्वतःची मोटर होती. माझ्या दोन चांगल्या लेन्समध्ये ती नव्हती. सगळी गोम तिथे.

आता हे जरा नीट सांगतो, कारण तुमचा पूर्ण निर्णय यावर आहे. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे बसते ती जोडणी, १९५९चा. ऑटोफोकस सर्रास आला तेव्हा त्यांनी मोटर लेन्समध्ये न घालता बॉडीत घातली. बॉडीच्या माउंटच्या कडेवर एक छोटी दांडी असते, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकासारखी. ती लेन्सच्या मागच्या खाचेत शिरते आणि बॉडीतली मोटर लेन्स फिरवते. ८०-२०० फोकस करताना तो जो ‘घर्रर्र’ आवाज येतो ना, तो त्याचा. पुढे एएफ-एस, एएफ-पी लेन्स आल्या, त्यांच्या पोटातच मोटर असते. डी७०००मध्ये दांडी होती, म्हणून तुम्हाला आणि मला कधी फरकच कळला नाही. डी३०००, डी५००० मालिकांच्या स्वस्त बॉड्यांमध्ये दांडी नव्हती, त्या वापरणाऱ्यांना ही भानगड तेव्हापासून पाठ आहे.

२०१८ मध्ये झेड माउंट आला. एफमध्ये माउंट ते सेन्सर अंतर ४६.५ मिमी, झेडमध्ये १६. मधले ३०.५ मिमी भरून काढणारी नळी म्हणजे अडाप्टर. आत काच नाही, त्यामुळे चित्र बिघडत नाही, हे खरंच. पण एफटीझेडमध्ये ती दांडी फिरवणारी मोटरही नाही, आणि दुसऱ्या आवृत्तीतही नाही. म्हणजे तुमची ५० डी आणि ८०-२०० डी झेडवर बसेल, अॅपर्चर बदलेल, एक्स्पोजर बरोबर येईल, फोकस मात्र हाताने करायचा. गंमत म्हणजे हे कंपनीने लपवलेलं नाही. कुठली लेन्स कशी चालेल याचा तक्ता त्यांनी दिलेला आहे. मी तो वाचला नाही. दुकानदार खोटं बोलला असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्याच्या लेखी ‘चालतं’ म्हणजे ‘बसतं’.

ओळखायचं कसं? लेन्स काढा, मागची धातूची कडी उजेडात धरा. कडीवर एक चपटी खाच असलेला बारीक स्क्रू दिसला आणि नावात एएफ-एस, एएफ-आय किंवा एएफ-पी नसेल, तर एफटीझेडवर ती हातानेच फिरवावी लागणार. दहा सेकंदांचं काम आहे. आज रात्रीच करा.

मला हे कळलं ते पाडव्याच्या सकाळी, गिरगावच्या शोभायात्रेत. ८०-२०० लावली, बटण अर्धं दाबलं, काहीच नाही. वाटलं लेन्सवरचा एम-ए स्विच चुकीचा आहे. फिरवला. काही नाही. कॅमेरा बंद-चालू केला. काही नाही. तोवर नऊवारी-फेट्यातल्या बायकांच्या बुलेटी ठाकूरद्वारकडून येऊ लागल्या. सव्वा किलोवरची लेन्स डाव्या हातात, त्याच हाताच्या दोन बोटांनी रिंग फिरवतोय, घाम व्ह्यूफाइंडरच्या रबरात साठतोय, ढोल इतका जवळ की छाती थरथरतेय. पीकिंगच्या (जिथे फोकस तिथे कॅमेरा दाखवतो त्या) लाल रेघा नथीवर आल्या म्हणून दाबलं, तर तोवर गाडी हातभर पुढे. घरी येऊन बघितलं, १४० फोटोंपैकी धड ११. बाकीच्यांत नंबरप्लेट अगदी चाकूसारखी शार्प, चेहरे दह्यासारखे.

चौथ्या दिवशी दुकानात गेलो. म्हटलं, अडाप्टर परत घ्या, माझी डी७००० द्या, काय फरक असेल तो कापा. ‘ती तर गेली सर, त्याच संध्याकाळी.’ मग बिलावरची ओळ दाखवली, एक्स्चेंज अंतिम, माल परत घेतला जाणार नाही. मालक आत होता, बाहेर आलाच नाही. एकाने तर मला समजावलं, की खरे फोटोग्राफर मॅन्युअलच वापरतात. (हे वाक्य आठवलं की अजून डोकं फिरतं.) वकिली करणाऱ्या मित्राला फोन केला. त्याने एकच विचारलं, ‘तो बोलला ते लेखी कुठेय?’ कुठेच नव्हतं. बिलावर फक्त बॉडी, अडाप्टर, रक्कम, जीएसटी.

वर आणखी एक चपराक. डी७०००ची ईएन-ईएल१५ बॅटरी झेड५मध्ये चालते. कॅमेऱ्यात ठेवून यूएसबीने चार्ज होत नाही, एवढंच. म्हणजे दिलेल्या दोन्ही बॅटऱ्या माझ्याच कामाच्या होत्या, आणि मी पुढच्या महिन्यात नवी विकत घेतली.

तर तुमचं. माझं मत थोडं टोकाचं वाटेल. तुमच्या संचातल्या दोन किमती लेन्स स्क्रूच्या आहेत. तिसरी, १८-१०५, मोटरवाली आहे पण डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरसाठीची आहे. ती फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या झेडवर लावलीत की कॅमेरा आपोआप मधला तुकडाच वापरतो, २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात. डी७००० स्वतः १६ देते! म्हणजे ‘आपल्याकडे निकॉनच्या लेन्स आहेत म्हणून निकॉन’ हा मुद्दा तुमच्या बाबतीत जवळपास बाद. अडाप्टरवाली मधली वाट तुमच्यासाठी सगळ्यात वाईट. राहतात दोन वाटा.

एक, एसएलआरमध्येच, म्हणजे डी७०००सारख्या आरशाच्या कॅमेऱ्यातच राहा. दांडीवाली चांगली सेकंडहँड बॉडी शोधा: डी७२००, डी७५००, पक्ष्यांसाठी डी५००, आणि फुल फ्रेमच हवी तर डी७५०. सगळे मिररलेसकडे पळतायत म्हणून एसएलआर बॉड्या पडेल भावात मिळतात. काकांची ८०-२०० रंगमंचासाठी आजही उत्तम लेन्स आहे. ती ‘जुनी’ आहे म्हणून तुम्हाला लाज वाटत असेल तर तो दुकानातल्या पोराने केलेला संस्कार आहे. मी शेवटी हेच केलं. ७,५००ला दिलेली डी७०००, तशीच दुसरी, माझ्याहून जास्त शटर काउंटची (म्हणजे जास्त फोटो काढून झालेली), १२,००० देऊन परत आणली.

दोन, सगळं विका आणि कोऱ्या पाटीवर निवडा. तेव्हा बॉडी शेवटी बघायची. आधी कागदावर दोन लेन्स लिहा, एक नाचासाठी, एक पक्ष्यांसाठी, आणि प्रत्येक कंपनीत त्या दोघींची आजची किंमत टाका. सोनीत सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्स भरपूर, त्यामुळे २.८चा (कमी उजेडात चालणारा) झूम त्यातल्या त्यात परवडतो. कॅननने आरएफ या आपल्या मिररलेस माउंटसाठी सिग्मा-टॅमरॉनला २०२४ मध्ये दार किलकिलं केलं, तेही क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरपुरतं. पण त्यांची आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची आहे. ऐरोलीच्या बोटीत तास-दीड तास हातात धरून बसायचं असेल तर या आकड्याची किंमत कळते. लांबच्या टोकाला एफ/८चा अंधार (लेन्स उजेडच कमी घेते) मात्र सोसावा लागतो, नाचाला ती निरुपयोगी. एक गोष्ट कॅननच्या बाजूने सांगायलाच हवी. त्यांनी १९८७ मध्ये ईएफ हा ऑटोफोकसचा माउंट आणताना जुना माउंट टाकून मोटर पहिल्यापासून लेन्समध्ये घातली. तेव्हा लोकांनी शिव्या दिल्या, पण त्यामुळे त्या काळातली कॅननची ईएफ लेन्सही आज अडाप्टरवर फोकस करते. तुमच्या काकांनी कॅनन घेतला असता तर हे उत्तर चार ओळींत संपलं असतं.

फुजी, ओएम सिस्टिम वाईट नाहीत. पण शनिवारी लेन्स बिघडली आणि रविवारी कार्यक्रम असेल, तर मुंबईत कुणाकडे उसनी किंवा भाड्याने पटकन काय मिळतं, हे मी बघतो.

नाचाबद्दल एक. मिररलेस घेतलात की पहिल्या कार्यक्रमात सायलेंट (आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक) शटरचा मोह होणार, कारण पुढच्या रांगेतले मान वळवून बघत नाहीत. आधी चार फोटो काढून मोठे करून बघा. आजकाल नाट्यगृहांत एलईडी दिवे असतात, त्यांत इलेक्ट्रॉनिक शटरने फोटोवर आडवे पट्टे येऊ शकतात. मुलगी अलारिपूला (भरतनाट्यमचं सुरुवातीचं नृत्य) उभी आणि अंगावर झेब्रा! तिथे मेकॅनिकल शटरच लावा.

विकायचं ठरलं तर आधी लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर तो फंगस, म्हणजे बुरशी, आणि गिऱ्हाईक तेच आधी बघतं. माझ्या ५० डीमध्ये निघाला. कारण काय, तर ती मी वर्षानुवर्षं तिच्या कातडी पिशवीत, पिशवी कपाटात, आणि कपाट बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला लावून ठेवलेलं. मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सला यापेक्षा वाईट जागा नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५०च्या मध्ये. तांदळात ठेवू नका, पीठ उडतं. नवा संच घ्याल तेव्हा बजेटात हा डबा आधी धरा, यूव्ही फिल्टर नंतर.

शनिवारी जायचंच असेल तर तिन्ही लेन्स आणि स्वतःचं कार्ड घेऊन जा. दुकानातल्या झेडवर तुमची ८०-२०० लावायला सांगा आणि दारातून रस्त्यावरच्या चालत्या माणसावर धरा. काही पटलंच, तर कुठल्या लेन्सवर ऑटोफोकस चालेल हे बिलाच्या मागे लिहून सही-शिक्का मागा. तो कुरकुरला तर समजा. जुनी बॉडी त्या दिवशी घरीच ठेवा, ऑफर गेली तरी चालेल. सात-आठ हजारांसाठी ती पुढच्या आठवड्यातही कुणीतरी घेईल.

आणि दुकानात जायचीही घाई नको असेल तर माझ्याकडे झेड५ आणि अडाप्टर दोन्ही आहेत. मी दादरला राहतो, शुक्रवारी सातनंतर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर असतो. ८०-२०० घेऊन या. समोर क्रिकेटवाली पोरं पळत असतातच, त्यांच्यावर लावून बघा.