20 महिन्यांची मुलगी क्षणभर स्वस्थ बसत नाही, तिला कसं सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मुलगी 20 महिन्यांची, दिवसभर पळते, दिसेल त्यावर चढते, जेवायला बसत नाही. फ्लॅट चौथ्या मजल्यावर. तुम्ही दोघं नोकरीला, दिवसा आजी सांभाळतात आणि त्यांची दमछाक होते. वर "मुलीच्या जातीला एवढा धुडगूस बरा नव्हे" हे येणाऱ्याजाणाऱ्यांकडून ऐकावं लागतं.

माझं उत्तर एवढंच: तिला आवरत बसू नका, घर आवरा. या वयात दिवसाला किमान 180 मिनिटं अंग हलवणारा खेळ हवा, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय. म्हणजे 3 तास. तिचं पळणं-चढणं हे दुखणं नाही, तिचा रोजचा खुराक आहे. पण "नको, पडशील, हात लावू नको" हे दिवसातून शंभरदा म्हणावं लागत असेल तर घराची मांडणी चुकली आहे. आजींना तिच्यामागे पळणं झेपणार नाही, म्हणून जे धोके एकदाच कायमचे काढता येतात ते या रविवारी काढून टाका.

आधी जमिनीवर गुडघे टेकून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून प्रत्येक खोली बघा. या वयाच्या मुलीची उंची साधारण 80 ते 83 सें.मी. असते. टाचा उंचावून हात वर केला की ती मीटरभर उंचीवरची वस्तू ओढू शकते. स्वयंपाकघराचा ओटा बहुधा 80-85 सें.मी.चा असतो. म्हणजे ओट्याच्या कडेला ठेवलेली प्रत्येक गोष्ट तिच्या हाताशी आहे.

सुरुवात बाथरूमपासून करा. आपल्याकडे पाणी ठरलेल्या वेळी येतं, म्हणून बादल्या आणि पिंपं भरून ठेवायची सवय असते. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं. मूल बादलीत वाकलं की तोल पुढे जातो आणि हातांत स्वतःला वर ढकलायची ताकद नसते. 5 सें.मी. पाणीही पुरतं, आणि बुडताना आवाज होत नाही. तेव्हा बादल्या पालथ्या ठेवा, पिंपाला घट्ट बसणारं झाकण असू द्या आणि बाथरूमच्या दाराला बाहेरून, वरच्या बाजूला कडी बसवा. गीझर 50 अंशांपुढे ठेवू नका. अंघोळीची बादली भरताना आधी गार पाणी, मग गरम. पाणी कालवून आपलं कोपर त्यात बुडवून बघा, मगच तिला आत घ्या.

दारांच्या आतल्या कड्या हा अगदी आपल्या घरांतला प्रकार. मूल आत जातं, कडी सरकवतं, आणि परत काढता येत नाही. मुलांच्या उंचीवरच्या आतल्या कड्या सरळ काढून टाका किंवा पट्टी लावून जाम करा. दाराच्या वरच्या कडेवर जाड टॉवेल घडी करून टाकला की दार पूर्ण मिटत नाही, बोटं चेमटत नाहीत. मुख्य दार आपोआप लॉक होणारं असेल तर एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा.

गॅलरीचे गज आडवे असतील तर ती तिच्यासाठी शिडीच आहे. उभे असतील तर दोन गजांमधली फट 10 सें.मी.पेक्षा कमी हवी. आडव्या गजांना आतून चार फूट उंचीपर्यंत ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचा पत्रा बसवून घ्या. कुंड्या, स्टूल, चपलांचं कपाट, वॉशिंग मशीन कठड्यापासून लांब हलवा. सोफा किंवा पलंग खिडकीखाली असेल तर तोही. मच्छरदाणीची जाळी डास अडवते, 10-11 किलोचं मूल नाही. त्या जाळीवर अजिबात विसंबू नका. कपाट आणि टीव्ही भिंतीला ब्रॅकेटने जखडा. खण पायऱ्यांसारखे उघडून चढलं की कपाट अंगावर येतं.

स्वयंपाकघरात शक्यतो मागची शेगडी वापरा, कढईचा दांडा भिंतीकडे वळवा, काम झालं की रेग्युलेटर बंद करा. मिक्सरची किंवा किटलीची वायर खाली लोंबू देऊ नका. पण भाजण्याचं खरं ठिकाण बहुतेक वेळा टीपॉय असतं. पाहुण्यांसमोर ठेवलेला चहा 10-15 मिनिटांनंतरही तिची कातडी पोळवू शकतो. टेबलक्लॉथ काढून टाका. मूल मांडीवर असताना चहा प्यायचा नाही, हा नियम आजोबांनाही लागू. भाजलंच तर वरचा कपडा आणि बांगड्या लगेच काढा (कातडीला चिकटलेलं मात्र ओढू नका), भाजलेला भाग 20 मिनिटं नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरा, बाकीचं अंग पांघरुणात ऊबदार ठेवा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यातलं काहीही नको. चेहरा, हाताचे पंजे, जांघ भाजली किंवा तिच्या तळहातापेक्षा मोठा भाग भाजला तर पाणी घालून झाल्यावर थेट दवाखाना.

आता देवघर, कारण तिथे कोणाचं लक्ष जात नाही. कापराच्या वड्या तिला खडीसाखर किंवा बत्तासा वाटतात. ग्रॅमभर कापूरही या वयात जीवघेणा ठरू शकतो, आणि पोटात गेल्यावर काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. कापूर, कपाटातल्या डांबरगोळ्या, डास पळवणाऱ्या यंत्राची रिफिल, संडास धुण्याचं ॲसिड, आजी-आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या हे सगळं कुलपात, पाच फुटांच्या वर. ॲसिड किंवा रॉकेल सरबताच्या जुन्या बाटलीत कधीही भरू नका. तिने यातलं काही प्यायलं तर ओकारी काढायला लावू नका. जाताना अन्ननलिका जळते, येताना ती पुन्हा जळते, आणि रॉकेल फुफ्फुसात उतरतं. बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या आणि 108 ला फोन करा.

घशात अडकणं हा विषय आजींशी नीट बसून बोला. पहिल्या दाढा 13 ते 19 महिन्यांत येतात, मागच्या दाढा 23 महिन्यांनंतर. तोवर तिला तोडता येतं, दळता येत नाही. शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदामाचे तुकडे, लाह्या, कच्चं गाजर, अख्खी द्राक्षं, बोरं, सीताफळाच्या बिया हे धोक्याचे पदार्थ, आणि सुक्यामेव्याचे अख्खे दाणे तर 4 वर्षांपर्यंत नकोतच. शेंगदाण्याचं बारीक कूट चालतं, द्राक्ष उभं चार भागांत कापून चालतं. पळताना तोंडात घास नको. शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर एकदम जोराचा ठसका येतो आणि मग सगळं शांत होतं. घरचे सुटकेचा श्वास सोडतात, पुढे तीन आठवडे "कफ झालाय" म्हणून औषधं चालतात. खाताना अचानक ठसका लागला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

ती खोकत असेल तर खोकू द्या. आवाज फुटत नसेल, श्वास घेता येत नसेल तर तिला पुढे वाकवून, छातीला हाताचा आधार देऊन, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने 5 ठोके मारा. नाही निघालं तर मागून मिठी मारून, बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या मधल्या हाडाच्या खाली मूठ ठेवून 5 वेळा आत आणि वर दाबा. पुन्हा 5 ठोके. (ही पद्धत वर्षावरच्या मुलांसाठी, त्याहून लहान बाळाचं पोट दाबत नाहीत.) वस्तू डोळ्यांना दिसत नसेल तर घशात बोट घालून चाचपू नका, ती आणखी आत जाते. शुद्ध गेली तर जमिनीवर झोपवून सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करायचा आणि दुसऱ्याने 108 लावायचा. आजींकडून हे एका उशीवर दोनदा करवून घ्या, नुसतं सांगून हाताला सवय होत नाही.

बटण सेलचा, म्हणजे नाण्यासारख्या चपट्या गोल बॅटरीचा, धोका यापेक्षाही कमी जणांना माहीत असतो. रिमोट, वजनकाटा, दिवे लागणाऱ्या राख्या, दिवाळीतल्या एलईडी पणत्या या सगळ्यांत तो असतो. अन्ननलिकेत अडकला तर 2 तासांत गंभीर जखम होते, मूल मात्र सुरुवातीला ठणठणीत दिसतं. गिळल्याची नुसती शंका असली तरी लगेच एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. वाटेत दर 10 मिनिटांनी 2 चहाचे चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त 6 वेळा. पण मध शोधायला थांबू नका, आणि दुसरं काही खाऊ-पिऊ घालू नका.

जेवणाबद्दल तुमची काळजी मला बरीच हलकी करता येईल. सरासरी मुलगी जन्मापासून वर्षापर्यंत साधारण पावणेसहा किलोंनी वाढते, 3.2 वरून 8.9 वर. दुसऱ्या वर्षात फक्त अडीच किलोंनी, 11.5 पर्यंत. वाढीचा वेग निम्म्याहून कमी झाला की भूकही उतरणारच. तिच्या कार्डावरच्या वाढीच्या रेषेवर शेवटचे तीन ठिपके बघा. रेषा वर जाते आहे ना? मग ताट घेऊन मागे धावणं आजपासून बंद. तीन जेवणं, दोन खाणी, मध्ये अडीच-तीन तास पाण्याशिवाय काही नाही. सगळ्यांच्या पंगतीत पाटावर बसवा, प्रत्येक पदार्थ दोनच चमचे वाढा, स्वतःच्या हाताने सांडू द्या, 20-25 मिनिटांनी ताट उचला. मोबाइल दाखवून भरवू नका. तोंड उघडतं, पण पोट भरल्याचं तिला कळत नाही.

बिघडतं ते बहुतेक दुधामुळे. "जेवली नाही, निदान दूध तरी" म्हणत लिटरभर दूध जातं, मग भूक मरते आणि लोह मिळत नाही. दिवसाला 400 ते 500 मि.ली. पुरे, बाटलीतून नव्हे, पेल्यातून. चहा-बिस्किट तर नकोच, चहा लोह शोषू देत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 6 महिने ते 5 वर्षांच्या शंभरातल्या 67 मुलांना रक्तक्षय आढळला, तेव्हा हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. 11 च्या खाली असेल तर उपचार लागतात. सरकारी योजनेतलं लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा 1 मि.ली. असतं, ते आशाताई किंवा अंगणवाडीत विचारा. नाचणीची आंबील, लिंबू पिळलेली मुगाची धिरडी, पालेभाजी घालून थालीपीठ, घरी चालत असेल तर अंडं, हे आलटून पालटून द्या. माती किंवा भिंतीचा चुना खात असेल तर रक्त तपासायला उशीर करू नका.

आता तिची ताकद कुठे खर्च करायची ते. आजींनी पळायचं नाही, तिला कामाला लावायचं. पिशवीत चार बटाटे घालून हॉलमधून स्वयंपाकघरात आणायचे, परत न्यायचे. ओढण्या-ढकलण्याच्या, ओझं वाहण्याच्या कामाने ही मुलं लवकर शांत होतात. गाद्या-उशांचा डोंगर, कणकेचा गोळा आणि लाटणं, मोठ्यांच्या नजरेसमोर दोन वाट्या आणि थोडं पाणी. चमचा वीस वेळा खाली टाकते तेव्हा ती तुम्हाला त्रास देत नसते. दर वेळी आवाज होतो का, दर वेळी आजी वाकते का, हे पाहत असते. वाकण्याऐवजी चमच्याला फूटभर नाडी बांधून चमचा तिलाच वर ओढू द्या, पण ती समोर असेपर्यंतच. नंतर नाडी सोडून ठेवा. पलंगावरून उतरताना "पाय आधी" म्हणत पोटावर वळवून उलटं उतरायला शिकवा. चढण्याला बंदी घालण्यापेक्षा हे शिकवणं कितीतरी उपयोगी आहे. संध्याकाळी तुम्ही आल्यावर तासभर मैदान किंवा जिना, मग जेवण, मग मंद दिवे. झोप 24 तासांत 11 ते 14 तास हवी, दुपारची धरून. दुपारी साडेतीननंतर झोपू देऊ नका. रात्री दहाला घरभर उड्या मारणारं मूल बहुतेक वेळा दमलेलं असतं.

हट्ट सुरू झाला की आधी भूक, झोप, शी यांचा अंदाज घ्या. "पळू नको" यातलं "पळू" तिला कळतं, "नको" निसटतं. "हळू चाल, माझं बोट धर" असं करायचं ते सांगा. "अजून पाच मिनिटं" तिला समजत नाही, "आणखी दोनदा घसरगुंडी" समजतं. फेकलं, मारलं, चावली तर हात धरून एकच छोटं वाक्य, आणि तिथून उचलून दुसरीकडे. फटका मारू नका, फटक्यातून ती फटका शिकते.

राहिलं ते मुलीच्या जातीचं. या वयात मुलगा-मुलगी यांच्या स्नायूंना लागणारा खेळ एकच असतो. घेरदार फ्रॉक चढताना पायात येतो, म्हणून आखूड चड्डी आणि सुती बनियन घाला. गळ्यात साखळी, काळा दोरा नको, तो कशात तरी अडकतो. पैंजणाचे घुंगरू आणि डुलांची फिरकी आठवड्याला तपासा, दोन्ही सुटून तोंडात जातात. काजळात शिसं असू शकतं, तेही नको. शी धुताना पुढून मागे, नाहीतर लघवीचा संसर्ग होतो. कारण नसताना ताप आला तर लघवी तपासायला सांगा.

"अति चंचल" हा शिक्का 4 वर्षांआधी मारत नाहीत, त्यामुळे कोणी तसं म्हटलं तर मनावर घेऊ नका. हाक मारल्यावर वळत नसेल, येत असलेले शब्द बोलेनाशी झाली असेल, 2 वर्षं होऊनही दोन शब्द जोडत नसेल ("आजी ये", "दूध दे"), तर मात्र वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि याच यादीतली आणखी एक गोष्ट आज संध्याकाळी बघा: गॅलरीतून कावळा दिसला की ती बोट दाखवते का, आणि बोट दाखवून मागे वळून तुमच्या तोंडाकडे बघते का?