सदस्यत्वाचा ठराव मतदानाला टाकण्याआधी

प्रिय साथी,

सप्रेम जिंदाबाद.

तुमच्या युद्धविरोधी समितीपुढे येणारा ठराव वाचला. ‘पक्षशिस्तीने बांधलेल्यांना समितीचं सदस्यत्व मिळणार नाही’ हे कलम मांडणाऱ्यांचा वैताग मला कळतो. एक बांधीव गट बैठकीत शेवटपर्यंत ठाण मांडून बसतो, बाकीचे शेवटची लोकल गाठायला उठले की मागण्यांची यादी बदलून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी पत्रक निघतं ते भलत्याच मजकुराचं. त्रास खरा आहे. पण कलम त्या त्रासावरचं नाही. मतदान उशिरा घेतलं जातं, मताचा अधिकार कुणाला आहे याची नोंद नाही, पत्रकाचा मसुदा कुणी अंतिम करायचा हे कधी ठरलेलंच नाही. हे तसंच ठेवून सदस्यत्वावर बंदी आणणं म्हणजे दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

अमेरिकेत हाच वाद 1960 मध्ये पेटला होता. अण्वस्त्रचाचण्यांविरुद्ध 1957 मध्ये ‘नॅशनल कमिटी फॉर अ सेन न्यूक्लिअर पॉलिसी’ स्थापन झाली. सगळे तिला ‘सेन’ म्हणत. 19 मे 1960 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिची प्रचंड सभा ठरली होती. सभेच्या तोंडावर सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीचे उपाध्यक्ष थॉमस डॉड यांनी सभेचे मुख्य संघटक हेन्री अब्राम्स यांना, तुम्ही कम्युनिस्ट आहात का, या चौकशीला बोलावलं. अब्राम्स यांनी घटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा, आधार घेऊन उत्तरं नाकारली. मग ‘सेन’चे सहअध्यक्ष नॉर्मन कझिन्स यांनी तोच प्रश्न खासगीत विचारला. तिथेही उत्तर मिळालं नाही, तेव्हा अब्राम्स यांना काढून टाकलं. सुमारे 20,000 लोकांची सभा उत्तम झाली, पण पाठोपाठ डॉड यांनी सिनेटमध्ये उभं राहून ‘सेन’मध्ये कम्युनिस्ट घुसल्याचं जाहीर केलं. कार्यकारिणीने लगोलग ठराव केला. सोव्हिएत किंवा चिनी सरकारच्या गैरकृत्यांना इतरांना लावतो तोच निकष लावायला जे पक्षशिस्तीमुळे मोकळे नाहीत, त्यांना धोरण ठरवण्यात आवाज नाही, असा त्याचा आशय.

तुमच्या कलमाचा मसुदा याच वळणाचा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. एकच मोजपट्टी सगळ्या सरकारांना लावावी हा आग्रह योग्यच आहे आणि तो मीही सोडणार नाही. फक्त तो समितीच्या जाहीर निवेदनाला लावायचा असतो. माणसाच्या मनाला लावला की तपासणार कोण, हा प्रश्न उभा राहतो. शाखेच्या सचिवाकडे तपासायला काहीच साधन नसतं. मग तो अंदाज बांधतो: अमुक कुणाबरोबर चहा पितो, तमुकचे वडील कोणत्या युनियनमध्ये होते. ‘सेन’मध्ये न्यूयॉर्क परिसरातल्या शाखांना नव्या अटींवर पुन्हा मान्यता घ्यायला लावली, तेव्हा कितीतरी शाखा बाहेर पडल्या. नोबेलविजेते शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्यासारखा माणूस प्रायोजकांच्या यादीतून गेला. ज्येष्ठ शांततावादी ए. जे. मस्टी यांनी कडक टीका केली. विद्यार्थी विभागही पुढे मोडला. आणि एवढी किंमत मोजून समन्स थांबली का? नाही. ज्याच्या दबावाखाली चाळणी लावली, तो पुढची यादी मागतोच.

याचा धडा दीड वर्षात काही स्त्रियांनी घेतला. 1 नोव्हेंबर 1961 ला अमेरिकेतल्या अनेक शहरांत रस्त्यावर उतरलेल्या ‘विमेन स्ट्राइक फॉर पीस’ने सदस्ययादी ठेवलीच नाही. डिसेंबर 1962 मध्ये प्रतिनिधीगृहाच्या, कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या ‘अमेरिकाविरोधी कारवाया समिती’ने त्यांना बोलावलं. पहिल्या साक्षीदार बाईंचं नाव पुकारलं तशा सभागृहातल्या सगळ्या बायका उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी उभं राहायला मनाई केली तर टाळ्या वाजवल्या, टाळ्यांना मनाई झाली तर साक्षीदारांना फुलं दिली. कम्युनिस्टांना संघटनेत येऊ देता का, या प्रश्नावर संघटनेच्या संस्थापक डॅग्मार विल्सन यांनी सांगितलं की कुणाला अडवायचं साधनही आमच्याकडे नाही आणि इच्छाही नाही. समितीचं त्या वेळी हसं झालं.

पण दारं सताड उघडी ठेवली की भागलं, असं समजू नकोस. ‘स्टुडंट्स फॉर अ डेमोक्रॅटिक सोसायटी’ने, म्हणजे ‘एसडीएस’ने, 1965 मध्ये आपल्या घटनेतलं कम्युनिस्टबंदीचं कलम काढलं. ते बरोबरच केलं. चूक पुढची आहे. 1966 मध्ये माओवादी प्रोग्रेसिव्ह लेबर पार्टीने आपली वेगळी विद्यार्थी संघटना बरखास्त करून कार्यकर्ते एसडीएसमध्ये पाठवले. सैल, गप्पांच्या ओघात निर्णय घेणाऱ्या शाखांमध्ये एका सुरात मत देणारे दहा जण पुरेसे ठरतात. जून 1969 च्या शिकागो अधिवेशनात प्रोग्रेसिव्ह लेबरच्या विरोधातला गट आपल्या नेत्या बर्नार्डिन डोर्न यांच्या मागे सभात्याग करून गेला, परत आला आणि प्रोग्रेसिव्ह लेबरला काढून टाकल्याचं जाहीर करून पुन्हा निघून गेला. पूर्ण अधिवेशनाचं मतदान झालंच नाही. दोन्ही गट स्वतःला एसडीएस म्हणवू लागले. राष्ट्रीय कार्यालय आणि पत्त्यांची यादी ज्यांच्या हाती आली, त्या, सभात्याग करणाऱ्यांमधल्या ‘वेदरमन’ गटाने 1970 च्या सुरुवातीला कार्यालयच बंद केलं. देशातली सर्वांत मोठी युद्धविरोधी विद्यार्थी संघटना व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असताना संपली.

तेव्हा कलम मागे घ्यायला लाव आणि त्या जागी कामकाजाचे नियम आण. धोरणाच्या प्रश्नावर प्रत्येक संघटनेला एक मत. प्रतिनिधी आणि एक बदली प्रतिनिधी यांची नावं लेखी. व्यक्तिगत सदस्यांपैकी मागच्या तीनपैकी दोन बैठकांना हजर असलेल्यांनाच मत. नवीन संघटनेचं मत सामील झाल्यापासून 30 दिवसांनी सुरू होईल, म्हणजे ऐन बैठकीच्या आदल्या दिवशी पाच नवी लेटरहेड छापून आणता येणार नाहीत. ठराव तीन दिवस आधी सगळ्यांना मिळालेला असावा. रात्री नऊनंतर चर्चा हवी तेवढी करा, मतदान नाही. या शेवटच्या नियमाने तुमची निम्मी भांडणं मिटतील.

आपल्याकडचा खास गुंता आघाड्यांचा. एका पक्षाची विद्यार्थी, युवा आणि महिला आघाडी, वर कामगार युनियन, झाली चार मतं. त्यांना खोट्या संघटना म्हणू नका. मोर्चात माणसं बहुतेक वेळा त्याच आणतात, आणि गिरणगावापासून आजपर्यंत तसंच आहे. त्यांनी आपला संबंध उघड नोंदवावा, बोलायला चौघांनी बोलावं, पण धोरणाच्या मतदानात एका पक्षाच्या सगळ्या आघाड्यांना मिळून दोन मतं. पाच पदाधिकाऱ्यांत एका पक्षाचा एकच. बँकेच्या खात्यावर दोन वेगळ्या संघटनांच्या सह्या, आणि संपर्कयादीची प्रत तिघांकडे. व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिनही तसेच विभागून.

काढून टाकण्याची कारणं फक्त वर्तनाची ठेवा: मारहाण, छळ, पैशांचा गैरव्यवहार, समितीच्या नावाने परस्पर निवेदन. लेखी तक्रार, उत्तराला सात दिवस, मग दोन तृतीयांश मत. आणखी एक कारण आवर्जून घाल: पुराव्याशिवाय कुणाला ‘एजंट’ म्हणणं. एफबीआयने मे 1968 पासून नव्या डाव्या चळवळीविरुद्ध गुप्त मोहीम चालवली, तिच्यात निनावी पत्रं पाठवून कार्यकर्त्यांत संशय पेरणं हे नेहमीचं हत्यार होतं. मार्च 1971 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावच्या एफबीआय कार्यालयातून कागद बाहेर आले तेव्हा लोकांना त्याची कल्पना आली. खबऱ्या खरोखर असेलही, पण कुजबुजीने तो सापडत नाही आणि चांगली माणसं मात्र घरी बसतात.

सदस्यत्वाच्या वादाआड बहुतेकदा मागणीचा वाद असतो, हे लक्षात ठेव. व्हिएतनामच्या वेळी एक बाजू म्हणे ‘वाटाघाटी करा’, दुसरी म्हणे ‘सैन्य ताबडतोब मागे घ्या’. एकाला फक्त युद्धाचा मुद्दा हवा होता, दुसऱ्याला त्याबरोबर वंशभेद आणि गरिबीही. नोव्हेंबर 1965 च्या वॉशिंग्टनमधल्या समन्वय अधिवेशनात यावरून कडाक्याचं भांडण झालं. यातून निभणारी वाट अशी: संयुक्त पत्रकात सगळ्यांना मान्य असलेल्या दोनच, फार तर तीन मागण्या, आपापल्या फलकावर आपापल्या घोषणा, ज्याला पूर्ण पत्रक मान्य नाही त्याने सही न करता मोर्चात यावं. तुमच्याकडे मात्र एक पथ्य हवं. हल्ला कुठल्याही सरकारचा असो, नागरिकांवर बॉम्ब टाकणं चूक आहे हे वाक्य पत्रकातून कुणाच्याही आग्रहाखातर निघता कामा नये.

एवढं करूनही एकत्र राहणं जमलं नाही तर वेगळे व्हा, पण करार करून. 1971 मध्ये दोन प्रतिस्पर्धी अमेरिकी आघाड्यांनी 24 एप्रिलच्या वॉशिंग्टन मोर्चाला एकत्र पाठिंबा दिला आणि मोर्चा लाखोंचा झाला. लगेच मेच्या सुरुवातीला कायदेभंग करणाऱ्यांनी आपला वेगळा कार्यक्रम घेतला, ज्यात 12,000 हून अधिक अटका झाल्या. उलट सप्टेंबर 2005 मध्ये इराक युद्धाविरुद्ध ‘युनायटेड फॉर पीस अँड जस्टिस’ आणि ‘आन्सर’ या दोन आघाड्यांनी संयुक्त मोर्चा काढला आणि डिसेंबरमध्ये पहिलीने पुन्हा एकत्र काम न करण्याचं ठरवलं. तिच्या तक्रारी भाषणांची वेळ न पाळण्याच्या आणि स्वयंसेवक न दिल्याच्या होत्या. म्हणून करारात तारीख, मार्ग, प्रत्येकाच्या वक्त्यांची संख्या, माणशी चार मिनिटं, माइक बंद करण्याचा अधिकार असलेल्या दोघांची नावं, प्रत्येकाचे स्वयंसेवक किती, मंडप आणि ध्वनिक्षेपकाचा खर्च कोण देणार, हे सगळं लिहा आणि सह्या घ्या.

गुरुवारच्या बैठकीत ठराव मांडणाऱ्यांना आधी बोलू दे, पूर्ण. मग विचार की यातली कोणती तक्रार वरच्या नियमांनी सुटत नाही. जी उरेल तेवढीच पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घे, आणि इतिवृत्त त्याच रात्री सगळ्यांना पाठव.