आईला सांगू का?

प्रश्न: मी तासगाव तालुक्यातली. पहिलटकरीण, सहावा महिना. तिसऱ्या महिन्यातल्या तपासणीत एचआयव्ही निघाला, नंतर मिस्टरांचाही. सांगलीहून गोळ्या चालू आहेत. सासूबाईंना माहीत नाही, म्हणून सगळ्या गोळ्या रात्री एकदमच गिळते. पाहुणे असले की राहून जातात. सातव्यात माहेरी साताऱ्याला जायचंय. आईला सांगू का? तिला वाटेल, मीच आणला.

उत्तर: ताई, सांगा, आणि माहेरी जायच्या आधी सांगा. बाळाला लागण होऊ नये म्हणून जन्मल्यावर लगेच नेव्हिरॅपीनचं सिरप सुरू होतं, ते निदान सहा आठवडे रोज द्यायचं असतं. बाळंतिणीच्या खोलीत ते आईपासून लपणार नाही, आणि लपवालपवीतच डोस चुकतात. शिवाय तिला माहीत नसेल तर ती मायेनंच मध चाटवेल, गुटी उगाळेल, वरचं दूध पाजेल. तुम्ही अंगावर पाजणार असाल तर सहा महिने फक्त तेच, पाणीसुद्धा नाही. वरचं काही मिसळलं की बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते.

एकटीनं सांगू नका. आईला आयसीटीसीतल्या, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि सल्ला केंद्रातल्या, समुपदेशकांकडे घेऊन जा, मिस्टरांनाही न्या. गरोदरपणात तपासणी होते म्हणून बाईचा रिपोर्ट आधी येतो. लागण आधी कुणाला झाली, हे त्यावरून कळत नाही. हे मिस्टरांनी आईसमोर स्वतः बोलावं. ओझं तुम्ही एकटीनं का वाहायचं?

सासूबाईंना आत्ताच सांगायची सक्ती नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार दवाखान्यातलं कुणीही तुमच्या संमतीशिवाय घरच्यांना सांगू शकत नाही. कुणी त्रास दिला तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, तो मोफत आहे.

गोळ्यांची वेळ मात्र आजच बदला. तुमच्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळीत डोल्युटेग्रॅविर हे औषध असेल, तर उपाशीपोटी लोह-कॅल्शियमबरोबर घेतल्यास ती अंगी नीट लागत नाही. सकाळी उठल्यावर ती घ्या, लोह-कॅल्शियम निदान दोन तासांनी. लोह आणि कॅल्शियमही एकत्र नकोत.

निघण्यापूर्वी सांगलीच्या एआरटी केंद्रात मुक्काम किती ते सांगा. तेवढ्या गोळ्या किंवा साताऱ्यासाठी पत्र मागा. उपचारांविना बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते, नियमित गोळ्यांनी ती 5 टक्क्यांच्या खाली येते. बत्तीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची, तपासणी असते, तेव्हा तुम्ही माहेरी असाल. ती कुठे होणार, हे आधीच ठरवून घ्या. लोड जास्त निघाला तर बाळाला एकाऐवजी दोन औषधं आणि अंगावर पाजत असाल तर जास्त दिवस द्यावी लागतात, म्हणून तो रिपोर्ट बाळंतपणाच्या पिशवीत असू द्या.