सर्वेक्षणात लोक दवाखान्याच्या फेऱ्या सांगतात, त्या कितपत खऱ्या धरायच्या?

घरोघरी विचारून काढलेले आरोग्याचे आकडे खरे असतात का, असं तुम्ही विचारलंय. अशा प्रश्नावल्या भरून घेण्याचं काम मी केलंय, त्यावरून सांगते: दवाखान्यात भरती झाल्याचे आकडे बऱ्यापैकी खरे, ओपीडीचे, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांचे, जपून वापरायचे.

ॲडमिट झालेलं माणूस विसरत नाही. उसनवारी झालेली असते, फाइल जपून ठेवलेली असते. म्हणून राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या (केंद्र सरकारच्या घरोघरच्या पाहणीच्या) ७५व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) भरतीची माहिती मागच्या ३६५ दिवसांची विचारली आणि साध्या आजारपणाची फक्त १५ दिवसांची. भरतीत घोळ होतो तो तारखेचा. चौदा महिन्यांपूर्वीचं ऑपरेशन ‘वर्षच झालं असेल’ म्हणून वर्षाच्या आत येऊन बसतं. पोळ्याआधी की नंतर, असं विचारलं की बऱ्याचदा जागेवर येतं.

ताप, खोकला, अंगदुखीचं तसं नाही. दिल्लीत २००० ते २००२ या काळात अर्थतज्ज्ञ जिष्णू दास आणि सहकाऱ्यांनी १,६२१ माणसांना कधी आठवड्याचं, कधी महिन्याचं आजारपण विचारलं. महिन्याचं विचारलं की आजार आणि डॉक्टरकडच्या फेऱ्या, दोन्ही कमी सांगितल्या गेल्या, आणि ही घट गरिबांमध्ये जास्त होती. आठवड्याच्या उत्तरांत गरीब माणसं श्रीमंतांपेक्षा जास्त वेळा डॉक्टरकडे जाताना दिसत होती. महिन्याच्या उत्तरांत चित्र उलटं झालं. मला हे फार गंभीर वाटतं. ज्याच्या घरी सतत कुणीतरी आजारी असतं, त्याला एकेक फेरी वेगळी आठवत नाही, आणि कागदावर तोच उपचार न घेणारा ठरतो. त्यावरून धोरण आखलं तर नुकसान त्याचंच.

दुसरी अडचण, उत्तर कोण देतं? बऱ्याच घरांत एकच माणूस सगळ्यांची माहिती सांगतो. सुनेनं पांढऱ्या पाण्यासाठी नर्सबाईंकडून गोळ्या आणल्या, हे सासऱ्यांना कुठून ठाऊक असणार? बाईशी तिच्याच घरात, पण एकटीशी बोलायला मिळालं तर उत्तर बदलतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

पडताळा घेणंही सोपं नाही. छोट्या खाजगी दवाखान्यांत बहुतेक वेळा केसपेपरच नसतो.

तुम्ही हे आकडे वापरणार असाल तर आधी मूळ प्रश्नावली बघा: किती दिवस मागचं विचारलंय, उत्तर स्वतः दिलंय की दुसऱ्यानं. १५ दिवसांचा आकडा ३० दिवसांच्या आकड्याशेजारी ठेवून ‘लोक आता दवाखान्यात कमी जातात’ असं मात्र कृपया लिहू नका.