आवाज आहेच, आता कान तयार कर

अनेक उत्तम आशीर्वाद.

आकाशवाणीच्या स्वरचाचणीत उद्घोषक म्हणून तुझी निवड झाली हे वाचून फार बरं वाटलं. रेडिओ निवेदक अमीन सयानींसारखं लोकांचं लाडकं व्हायचं तर आवाजावर काय मेहनत घ्यावी, असं तू विचारलंस. आवाजाचं सोड. तो बरा नसता तर तुला घेतलंच नसतं.

सयानींच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ हे पाक्षिक चालवत. भाषा साधी हिंदुस्तानी. अंक मात्र नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. त्या कामात मुलगा हाताशी असायचा. नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसाला अडखळायला होणार नाही असं वाक्य कसं रचायचं, हा रियाज तिथला. 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ हा त्यांचा गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला तो त्यानंतर. लोक नक्कल करतात ती त्यांच्या ‘बहनो और भाइयो’ या सुरुवातीची. नकलाकारांचं त्यावर भागतं, तुझं भागणार नाही.

आपल्याकडचं बघायचं तर मुंबई आकाशवाणीचे बाळ कुडतरकर. ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेत प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि कुडतरकरांचे टेकाडे भावजी घरात बसून बोलावं तसं बोलत. ऐकणाऱ्याला ते पाहुणे वाटतच नसत.

तेव्हा निवेदन लिहिताना एकच माणूस डोळ्यांसमोर ठेव. तो भांडी घासत असेल, गाडी चालवत असेल. त्याचं अर्धं लक्ष दुसरीकडे आहे. छापलेलं पुन्हा वाचता येतं, ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट सांग. 1,47,350 असा आकडा समोर आला तर ‘जवळपास दीड लाख’ म्हण. नेमकेपणा हवाच असेल, तर सावकाश दोनदा सांग.

गावांच्या नावांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. च, ज, झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत ते दिसत नाहीत. शंका आली की त्या भागातल्या कुणाला तरी फोन कर. फर्माईश पाठवणाऱ्याचं आडनाव चुकलं तर तो माफ करतो. गावाचं नाव चुकलं तर अख्खं गाव लक्षात ठेवतं. (प्रमाण उच्चारांचा अभिमान बाळगणारे हे विसरतात, असं माझं मत.)

पैशांचंही स्पष्ट लिहितो. नैमित्तिक, म्हणजे गरजेपुरतं बोलावलेल्या, उद्घोषकाला महिन्याला मोजक्याच ड्युट्या मिळतात, तेव्हा हातची नोकरी सोडू नकोस. भाषांतर, ध्वनिसंपादन शिकून घे, दोन्हीला मागणी असते.

सकाळच्या सभेची, म्हणजे सकाळच्या प्रसारणाची, ड्युटी लागली तर अर्धा तास आधी पोच. क्यू शीट, म्हणजे कधी काय वाजवायचं त्याची यादी, वाच, प्रत्येक ध्वनिमुद्रणाची सुरुवात आणि शेवट ऐकून ठेव, आणि एखादी फाइल ऐनवेळी लागली नाही तर काय बोलायचं ते कागदावर लिहून शेजारी ठेव.