ओरड म्हटलं आणि घशातून आवाजच फुटेना

ऐरोलीहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वय २९, शिफ्टची नोकरी. रविवारी ठाण्याला सेल्फ डिफेन्सचा क्लास लावला, दुसऱ्याच आठवड्यात सरांनी 'मागे हो' असं जोरात ओरडायला सांगितलं तर हिच्या घशातून आवाजच फुटेना, सगळ्यांसमोर रडू आलं, तेव्हापासून गेलीच नाही. सासूबाई म्हणतात बरंच झालं, रात्रीची शिफ्ट सोड म्हणजे क्लासची गरजच उरणार नाही. आणि शेवटी एक ओळ, नवऱ्याचा मावसभाऊ घरी आला की किचनमधून जाताना हिच्या कमरेला हात लावून जातो, नवरा म्हणतो त्याचा स्वभावच तसा आहे.

अगं, ती ओळ तू अगदी जाता जाता लिहिलीस, पण मला तिथूनच सुरुवात करायचीय. तुझा आवाज अडकलाय तो किचनमध्ये, क्लासमध्ये फक्त ते तुला कळलं. मुलीच्या जातीने आवाज चढवू नये हे ऐकत मोठ्या झालो आपण, मग एका रविवारी कोणी ओरड म्हटलं तर लगेच कसा निघेल? शिवाय घाबरल्यावर अंग गोठतं ना, ते शरीर आपोआप करतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि तू गप्प राहिलीस म्हणजे तुला चाललं असा अर्थ कोणी काढला तर तो साफ चूक.

सासूबाईंची काळजी खरी असेल, पण हा माणूस शिफ्टमध्ये भेटत नाही, घरी चहाला येतो. बलात्काराच्या नोंदलेल्या केसेसमध्येसुद्धा दहातल्या नऊहून जास्त वेळा आरोपी ओळखीचाच निघतो. २०१५ मध्ये कॅनडातल्या तीन विद्यापीठांतल्या जवळपास ९०० मुलींवरचा अभ्यास छापून आला होता, १२ तासांचं ट्रेनिंग दिलेल्या मुलींमध्ये वर्षभरात बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के, नुसती माहितीपत्रकं दिलेल्यांमध्ये ९.८. त्या ट्रेनिंगमध्ये मारायला शिकवलंच, पण ओळखीच्या माणसाला 'नाही' म्हणताना जो संकोच होतो त्यावरही भर होता.

तर आधी नवऱ्याशी बोल. स्वभावच असेल तर तो तुझ्या सासूबाईंच्या कमरेला हात लावतो का, एवढंच विचार. मग तो आला की वळून, त्याच्याकडे बघून, हॉलमध्ये ऐकू जाईल असं म्हण, 'हात लावायचा नाही'. हसायचं नाही, 'अहो भाऊजी प्लीज' नाही. घरी कोणी नसताना मिक्सर चालू करून त्याच्यावरून हे वाक्य म्हणून बघ, हळूहळू घसा मोकळा होईल. तरी नाही थांबला तर लैंगिक हेतूने केलेला नको असलेला स्पर्श हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा, नातेवाईक आहे म्हणून सूट नाही. महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन आहे, तातडीचं काही झालं तर ११२.

क्लास सोडू नकोस गं. मनगट धरलं तर समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटका द्यायचा, पकड तिथेच कच्ची असते, असल्या गोष्टी वाचून जमत नाहीत, पन्नास वेळा कराव्या लागतात. सरांना आधीच सांग की मला आवाजाला वेळ लागतो. चांगले असतील तर थांबतील, सगळ्यांसमोर जबरदस्ती केली तर सरळ दुसरा क्लास बघ.

आणि तो येऊन गेला की मला लिही, तोंडातून शब्द नाही निघाला तरी लिही.